चार गुंठे जमीन, पंचवीस वर्षांची जबाबदारी

महाराष्ट्रातल्या पुष्कळ ग्रामपंचायतींकडे आज कचरा उचलण्याची काही ना काही सोय झाली आहे. कुठे घंटागाडी फिरते, कुठे ट्रॅक्टरची ट्रॉली, कुठे बॅटरीवर चालणारी तीनचाकी. गावातले रस्ते त्यामुळे खरोखर स्वच्छ दिसू लागले आणि त्याचे श्रेय पंचायतींना आणि सफाई कामगारांना द्यायलाच हवे. मात्र ही गाडी वेशीबाहेर पडल्यावर नेमकी कुठे रिकामी होते, हा प्रश्न ग्रामसभेत क्वचितच निघतो. उत्तर सगळ्यांना माहीत असते. देशावर ती ओढ्याच्या काठाला, गायरानाच्या कोपऱ्यात किंवा बंद पडलेल्या खडीच्या खाणीत रिकामी होते. कोकणात आणि गोव्यात चिरेखाणीत. ढीग फार वाढला की कोणीतरी काडी लावतो, आणि जळून उरलेले पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याने वाहून जाते. ही पुस्तिका या शेवटच्या टप्प्याविषयी आहे: लहान गावासाठी किंवा गावांच्या गटासाठी शास्त्रोक्त लँडफिल कसे आखावे, कसे बांधावे आणि वर्षानुवर्षे कसे चालवावे. तिच्यामागची भूमिका या प्रस्तावनेत मांडायची आहे. गावातल्या कचऱ्याचा जो भाग कोणाच्याही उपयोगाचा नाही, त्याची जागा सर्वांत आधी ठरवली पाहिजे. ती ठरली की कचरा किती बारकाईने वेगळा करायचा, किती गावांनी एकत्र यायचे, पैसा कशावर खर्चायचा, हे सगळे त्या जागेच्या मापावरून ठरत जाते. ती ठरली नाही, तर बाकी सगळी कामे मनापासून करूनही कचरा शेवटी ओढ्यातच पोचतो.

एके काळी गावाला अशा जागेची गरज नव्हती. घरोघरी उकिरडा होता. शेण, गोठ्यातला केर, चुलीची राख, भाजीचे देठ आणि पालापाचोळा त्यात पडे आणि मृगाच्या आधी गाडीने शेतात जाई. न कुजणारे त्यात फारसे काही नसे. फुटके मडके किंवा एखादी काच, एवढेच. ती व्यवस्था चांगली होती ती त्यात पडणाऱ्या वस्तूंमुळे. आज त्याच उकिरड्यावर शाम्पूच्या आणि गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची चकचकीत पाकिटे, थर्माकोलचे तुकडे, डायपर, सॅनिटरी पॅड, ठिबकच्या जुन्या नळ्या, मल्चिंगचा फाटका कागद आणि फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या येतात. शेणखताबरोबर यातले बरेच शेतात पसरते आणि नांगराला अडकत राहते. संत गाडगेबाबांच्या नावाने २०००-०१ मध्ये राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा गावांपुढचे तातडीचे प्रश्न उघड्यावरचे शौच, तुंबलेली गटारे आणि घाणेरडे रस्ते हे होते. त्या अभियानाने गावाला आपल्या हाताने गाव झाडायची सवय लावली, ही मोठी कमाई होती. पण झाडून गोळा केलेल्या केराचे स्वरूपच गेल्या पंचवीस वर्षांत बदलले, आणि त्या बदलाला उत्तर देणारी जागा गावाने अजून तयार केलेली नाही.

कायद्याने ही जबाबदारी पंचायतीवर फार पूर्वीपासून टाकली आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४५ खाली पंचायतीची जी कर्तव्ये येतात, त्यांत गावाची स्वच्छता आहेच. मात्र घनकचऱ्याचे २००० सालचे केंद्रीय नियम नगरपालिका आणि महापालिकांसाठी होते. २०१६ च्या नियमांनी कक्षा रुंदावली. जनगणनेत शहर म्हणून मोजली गेलेली, पण कारभाराने ग्रामपंचायतीच असलेली मोठी गावेही त्यात आली. या नियमांनी लँडफिलची व्याख्याही नेमकी केली. जे पुन्हा वापरता येत नाही, कुजत नाही, जाळून ऊर्जा देत नाही आणि रासायनिक अभिक्रिया करत नाही, असा निष्क्रिय कचरा आणि प्रक्रियेनंतर उरलेला गाळसाळ, एवढेच तिथे जायचे आहे. नियम वेळोवेळी बदलतात आणि पंचायतीने चालू नियम पाहूनच पुढे जावे. पण २०१६ च्या नियमांतली अंतरे, जाडी आणि उतार यांची मापे मातीच्या आणि पाण्याच्या स्वभावावर बेतलेली आहेत. तो स्वभाव कुठल्या अधिसूचनेने बदलत नाही.

आता हिशेब मांडू. तीन हजार वस्तीचे गाव घेऊ आणि माणशी रोज पाव किलो कचरा धरू. रोजचे साडेसातशे किलो होतात, वर्षाचे पावणेतीनशे टन. हा सगळा कचरा एकत्र उचलून पुरायचा ठरवला आणि हाताने किंवा ट्रॅक्टरने दाबून त्याची घनता घनमीटरला अर्धा टन आली, तर वर्षाला साडेपाचशे घनमीटर जागा लागते. वर टाकायच्या मातीची चौथाई धरली की पावणेसातशेच्या वर. दहा वर्षांत अडीच मीटर खोलीने जवळजवळ सत्तावीस गुंठे जमीन भरते. त्यातला ओला भाग कुजून खचेल हे खरे. पण त्याच कुजण्यातून दुर्गंधी, माश्या, मिथेन आणि काळे पाणी येते. आता तेच गाव ओला कचरा खतखड्ड्यात घालते, पुठ्ठा, बाटल्या, लोखंड आणि स्वच्छ प्लास्टिक भंगारात देते आणि खरोखर निरुपयोगी उरलेले तेवढेच पुरते असे समजू. हा उरलेला भाग सातवा हिस्सा धरला तर रोज सुमारे एकशे दहा किलो होतो, वर्षाला चाळीस टन, मातीसकट शंभर घनमीटर. दहा वर्षांचे हजार घनमीटर. वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल. जमिनीच्या भाषेत चार गुंठे. बाजू उताराच्या ठेवाव्या लागतात, भोवती चर आणि कुंपण लागते, त्यामुळे प्रत्यक्ष जागा याहून मोठी घ्यावी लागेल. पण प्रमाण तेच राहते. गावातल्या स्वयंपाकघरात दोन बादल्या ठेवल्या गेल्या की नाही, यावर सत्तावीस गुंठे लागणार की चार, हे ठरते. म्हणून कचऱ्याचे वर्गीकरण हा लँडफिलच्या आराखड्याचा पहिला आकडा आहे. तो आकडा न मांडता कागदावर खड्डा आखणारा सल्लागार गावाची फसवणूक करतो, असे मी म्हणेन.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो कचऱ्याविषयी खरी कळकळ असलेल्या माणसांकडून येतो. वर्गीकरण नीट केले तर लँडफिल लागतच नाही. उलट खड्डा तयार ठेवला की लोक आळशी होतात आणि सगळे त्यात लोटून देतात, असे त्यांचे म्हणणे. वेंगुर्ला नगरपरिषदेचे उदाहरण त्यांच्या बाजूने आहे. सुमारे बारा हजार लोकवस्तीच्या त्या गावाने घरोघरी काटेकोर वर्गीकरण केले आणि जुन्या डम्पिंग ग्राउंडच्या जागेचे लोक पाहायला येतील असे केंद्र केले. या कामगिरीबद्दल दुमत नाही. तरीही आक्षेप पुरता टिकत नाही. वेंगुर्ल्याकडे पूर्ण वेळ मुख्याधिकारी, कर्मचारी आणि नगरपरिषदेचे अंदाजपत्रक होते. तीन हजार वस्तीच्या पंचायतीकडे एक ग्रामसेवक असतो, आणि त्याच्याकडे कधी कधी दुसऱ्या गावाचाही कार्यभार असतो. दुसरे म्हणजे बहुपदरी पाकिटे, मळलेले प्लास्टिक, चिनी मातीचे तुकडे, फाटक्या चपला, रबर, रस्त्याची झाडलोट यांना तालुक्याच्या भंगारवाल्याकडे भाव नसतो. काही प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीला इंधन म्हणून किंवा डांबरात मिसळायला जाऊ शकते आणि जिथे वाहतूक परवडते तिथे ते जरूर पाठवावे. त्यानंतरही काही उरतेच. जे उरते ते नाहीच असे मानले की त्याची विल्हेवाट रात्री, कोणाला न सांगता, आगीने होते. प्लास्टिक आणि रबर उघड्यावर जळताना जो धूर निघतो तो गावातल्या लहान मुलांच्या छातीत जातो. खड्ड्यामुळे आळस येईल ही भीती मात्र रास्त आहे, आणि तिला उत्तर आहे: खड्डा मुद्दाम लहान ठेवा, आणि गाडी फाटकावर तपासल्याशिवाय आत सोडू नका. ओला कचरा दिसला तर गाडी परत.

मग प्रश्न असा की चार गुंठ्यांचा साधा खड्डा खणून माती लोटली तर बिघडले कुठे? बिघडते ते पाण्यामुळे, आणि लहान लँडफिलचा सगळा विषय मुळात पाण्याचा आहे. कचऱ्यातून झिरपताना पावसाचे पाणी त्यातले क्षार, अमोनिया, सेंद्रिय द्रव्ये आणि जड धातू विरघळवून घेते. या काळ्या पाण्याला तंत्रज्ञ लीचेट म्हणतात. ते खाली गेले की विहिरीत येते, बाजूला गेले की ओढ्यात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहराने १९३७ साली एक लँडफिल सुरू केले. चर खणायचा, कचरा भरून दाबायचा आणि रोजच्या रोज मातीने झाकायचा, ही पद्धत तिथे शिस्तीने बसवली गेली. उंदीर, माश्या आणि आग यांवर तो खरोखर चांगला उपाय ठरला. आधुनिक लँडफिलचा आरंभ म्हणून २००१ मध्ये त्या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. पण तळाला अस्तर नव्हते. जागा १९८७ मध्ये बंद झाली तोवर तिच्यातून मिथेन आणि घातक रसायने बाहेर पसरल्याचे दिसले होते, आणि १९८९ मध्ये ती सरकारच्या अतिप्रदूषित जागांच्या यादीत गेली. वरून नीट झाकलेला खड्डा खालून गळत राहू शकतो आणि गळती कळायला पिढी जाते, हे तिथे दिसले. आपल्या गावातला मुरमाचा खड्डा तर वरूनही झाकलेला नसतो.

महाराष्ट्राची जमीन या बाबतीत फारशी माफ करणारी नाही. देशावर वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण असतो. विहिरींना पाणी येते ते याच मुरमातून आणि पाषाणाच्या फटींतून. म्हणजे मुरमापर्यंत खणलेला कचऱ्याचा खड्डा विहिरीला पाणी पुरवणाऱ्या थरातच उघडतो. काळी माती घट्ट आणि चिकट असते, त्यामुळे ती तळाला पसरली की काम झाले असा समज आहे. ओली असताना ती पाणी अडवते हे खरे. पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जूनचे पहिले पाणी थेट त्या भेगांतून उतरते. म्हणून ती योग्य ओलीला, थरांथरांनी धुमसून दाबावी लागते आणि पुन्हा वाळणार नाही अशी झाकून ठेवावी लागते. कोकणात आणि गोव्यात जांभा आहे. तो दगड सच्छिद्र, आणि चिरे काढून झालेली खाण म्हणजे सडा उघडा करून आत कोरलेला खड्डा. आयता मिळतो म्हणून तिथे कचरा टाकण्याचा मोह सर्वांत मोठा, आणि विना-अस्तर टाकण्यासाठी ती जागा सर्वांत वाईट. २०१६ च्या नियमांत तळासाठी ९० सेंटिमीटर चिकणमातीचा दाबलेला थर आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीचे एचडीपीई प्लास्टिकचे अस्तर सांगितले आहे. मातीच्या थराची पाणी झिरपू देण्याची गती सेकंदाला एका सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून जास्त नसावी अशी अट आहे. ऐकायला ती विचित्र वाटते. वर्षाच्या सेकंदांनी गुणले की अर्थ उलगडतो: अशा थरातून पाणी वर्षभरात जेमतेम तीन सेंटिमीटर खाली सरकते. शिवाय भूजलाची वर्षातली सर्वांत वरची पातळी अस्तराच्या तळापासून किमान दोन मीटर खाली हवी. नदीपासून १०० मीटर, आणि तळे, वस्ती, महामार्ग व पिण्याच्या पाण्याच्या विहिरींपासून २०० मीटर अंतर हवे. गेल्या शंभर वर्षांत पुराखाली गेलेली जमीन वर्ज्य आहे.

दुसरा आक्षेप इथेच उभा राहतो. हे सगळे शहरांसाठी ठीक. चार गुंठ्यांच्या खड्ड्याला एवढा थाट कशाला? या प्रश्नाला अमेरिकेने १९९१ च्या नियमांत दिलेले उत्तर विचार करण्याजोगे आहे. तिथे रोज २० टनांपेक्षा कमी कचरा घेणाऱ्या लहान लँडफिलना अस्तरासारख्या काही अटींतून सूट ठेवली, पण लहानपणा पुरेसा मानला नाही. भूजल बिघडल्याचा पुरावा नसावा, आणि एक तर दुसरा व्यवहार्य मार्ग नसून वर्षाचा पाऊस २५ इंचांच्या, म्हणजे सुमारे ६३५ मिलिमीटरच्या आत असावा, किंवा गाव वर्षातले काही महिने वाहतुकीने तुटणारे असावे. म्हणजे मोजमाप पुन्हा पाण्याचेच. हीच फूटपट्टी आपल्याकडे लावून पाहा. माण तालुक्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, रत्नागिरीकडे तीन हजारांच्या. चार गुंठ्यांच्या उघड्या खड्ड्यात माणला दोन लाख लिटर पाणी पडेल, रत्नागिरीला बारा लाख. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर वीस आणि एकशे वीस. काही उडून जाईल, पण उरलेले सगळे कचऱ्यातून झिरपून बाहेर पडायला वाट शोधेल. एवढे काळे पाणी शुद्ध करण्याचे यंत्र लहान पंचायतीला न बांधता येते, न चालवता. त्यामुळे कोकणातल्या लहान गावापुढे रास्त मार्ग एकच आहे: पाणी कचऱ्याला लागूच द्यायचे नाही.

हे वाटते तितके अवघड नाही, आणि पुस्तिकेतला हा भाग वाचकाने सावकाश वाचावा अशी माझी विनंती आहे. ओला कचरा बाजूला काढल्यावर उरलेला माल कोरडा असतो, तो कुजत नाही. मग तो रोजच पुरायची घाई कशाला? जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वरच्या हिशेबाने तेरा-साडेतेरा टन माल जमेल. दाबून गोण्यांत भरला तर पत्र्याच्या साध्या शेडमध्ये तो मावतो. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दोन मीटर थप्पी एवढी जागा पुरते. खड्डा पावसाळ्यात पूर्ण बंद ठेवायचा आणि दसऱ्यानंतर उघडायचा. डायपर आणि पॅड मात्र साठवता येत नाहीत. ते वेगळे गुंडाळून घ्यावेत, आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या केंद्रापर्यंत पोचवण्याची सोय नसेल तर छपराखालच्या एका लहान, अस्तर घातलेल्या कप्प्यात जावेत. बंद ठेवलेल्या खड्ड्यावर मे महिन्यातच मातीचा जाड थर चढतो. पावसाळ्यापूर्वीच्या या थरासाठी २०१६ च्या नियमांत ४० ते ६५ सेंटिमीटर सांगितले आहेत. तो मधे उंच आणि कडांना उतरता ठेवला, धुमसला आणि भोवतीचा चर उकरून मोकळा केला, तर पडलेले पाणी बहुतांशी कचऱ्याला न शिवता वाहून जाते. एरवीचे काम शिस्तीचे आहे, कष्टाचे फारसे नाही. सगळा खड्डा एकदम उघडायचा नाही. दोन-तीन मीटर रुंदीची एक पट्टी घ्यायची. माल पातळ थरांत पसरायचा, ट्रॅक्टर किंवा जड रोलर वरून फिरवायचा, दिवस संपताना किमान १० सेंटिमीटर माती किंवा बांधकामाचा राडारोडा टाकायचा. माती खणून निघालेलीच असते. ती विकली जाणार नाही एवढे पाहावे लागते. औषधाच्या बाटल्या, बॅटऱ्या, ट्यूबलाइट आणि रंगाचे डबे आत जाऊ द्यायचे नाहीत, त्यांचा पेटारा वेगळा. मेलेल्या जनावरांचा खड्डा वेगळा आणि दूर. फाटकावर वजनकाटा आणि वही: तारीख, वाहन, वजन, कशाचा माल, परत पाठवला असल्यास कारण. ही वही कोण लिहितो, यावर लँडफिल टिकणार की सहा महिन्यांत डम्पिंग ग्राउंड होणार, हे अवलंबून असते. यंत्रसामग्री बंद पडली तर भाड्याने आणता येते. वहीचे तसे नाही.

ज्या गावांत वर्गीकरण नुकतेच सुरू झाले आहे, तिथे काही काळ थोडा ओला कचरा खड्ड्यात जाणारच. त्यांच्यासाठी जपानच्या फुकुओका शहराने आणि तिथल्या विद्यापीठाने १९७० च्या दशकात बसवलेली पद्धत उपयोगी आहे. तळाशी मोठ्या दगडांत भोके पाडलेला जाड पाइप उताराने टाकतात, त्याचे बाहेरचे तोंड उघडे ठेवतात आणि काही उभे पाइप वर काढतात. काळे पाणी लवकर बाहेर येते, आणि त्याच वाटेने हवा आत शिरते. कुजण्याच्या उष्णतेमुळे ती ओढली जाते. हवा मिळाल्याने मिथेन कमी होतो आणि बाहेर येणारे पाणी कमी विषारी असते. पंप लागत नाही, वीज लागत नाही. पॅसिफिक महासागरातल्या सामोआसारख्या लहान, पावसाळी देशानेही ती वापरली आहे.

सगळ्यांत कठीण प्रश्न जागेचा आणि पैशाचा, आणि दोन्ही एकाच ठिकाणी येऊन थांबतात. वर सांगितलेल्या अंतरांच्या अटी लावल्या, पूररेषा, सागरी नियमन क्षेत्र, पाणथळ आणि संवेदनशील वनक्षेत्र वगळले, तर अनेक गावांत योग्य अशी चार गुंठेही सापडत नाहीत. जे सापडते ते बहुधा गायरान असते, आणि गायरान ही गुराख्यांची आणि भूमिहीनांची जमीन आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले, ते लक्षात ठेवूनच तिचा विचार व्हावा. पैशाचे म्हणाल तर स्वच्छ भारत मिशनच्या २०२० मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये ठेवले होते. तीन हजारांच्या गावाला एक लाख ऐंशी हजार. त्यात खतखड्डे, बादल्या आणि एखादी शेड होईल. अस्तर, पाइप, कुंपण, निरीक्षण विहिरी आणि रस्ता होणार नाही. म्हणून दहा-बारा गावांनी मिळून एक लँडफिल बांधणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. मोठे लँडफिल गावामागे स्वस्त पडते, एक प्रशिक्षित माणूस पूर्ण वेळ ठेवता येतो, आणि दहा वाईट जागांऐवजी एक चांगली जागा शोधावी लागते. पाच लाखांपेक्षा लहान संस्थांनी सामाईक लँडफिल उभारण्याची कल्पना २०१६ च्या नियमांतही आहे.

यावर शेजारच्या गावचे लोक विचारतात: दहा गावांचा कचरा आमच्याच शिवारात का? हा आक्षेप सर्वांत न्याय्य आहे, आणि त्याला लोकांच्या अडाणीपणाचे नाव देणारे अधिकारी चूक करतात. पुणे शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी वर्षानुवर्षे झेलला. तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले, लोकांनी गाड्या अडवल्या, प्रकरण न्यायालयात गेले. ज्या गावाला हे माहीत आहे ते नुसत्या आश्वासनावर विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. विश्वास बसेल अशा अटी लेखी असाव्या लागतात. शिवारात येईल तो केवळ वेगळा केलेला, कोरडा, उरलेला माल. मिश्र गाडी कोणत्याही गावची असो, परत. प्रत्येक गाव वजनाप्रमाणे आकार भरेल आणि त्यातला ठरलेला हिस्सा यजमान गावाला मिळेल. लँडफिलच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या विहिरींचे पाणी ठरल्या वेळी तपासले जाईल आणि निकाल पंचायतीच्या फळ्यावर लागेल. किती घनमीटर भरल्यावर जागा बंद होईल, तो आकडा करारात असेल. आणि फाटकाची किल्ली यजमान गावाच्या समितीकडे असेल. या अटी मान्य करायला इतर गावे तयार नसतील, तर नाही म्हणण्याचा त्या गावाला पूर्ण हक्क आहे.

बंद झाल्यावरही काम संपत नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक आराखड्यांत नेमके हेच पान कोरे असते. शेवटच्या थरावर ६० सेंटिमीटर चिकणमाती, तिच्यावर पाणी वाहून नेणारा १५ सेंटिमीटरचा थर आणि त्यावर गवत उगवेल अशी ४५ सेंटिमीटर माती घालावी लागते. त्यानंतर किमान पंधरा वर्षे खचलेले खड्डे भरणे, चर साफ ठेवणे, विहिरींचे पाणी तपासणे चालूच ठेवायचे असते. दहा वर्षे भरण्याची आणि पंधरा देखभालीची, अशी पंचवीस वर्षे होतात. पंचायतीची मुदत पाच वर्षांची. म्हणजे पाच वेळा सरपंच बदलेल, ग्रामसेवकाच्या बदल्या किती होतील याची गणती नाही. एवढा काळ ही जबाबदारी माणसांच्या आठवणीवर सोडता येणार नाही. म्हणून या जागेची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत व्हावी, नकाशा आणि वजनांच्या वह्या तालुक्यालाही ठेवाव्यात, आणि भरण्याच्या दहा वर्षांतच दर टनामागे थोडी रक्कम बंद झाल्यानंतरच्या देखभालीसाठी वेगळ्या खात्यात पडत राहावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. नाही तर वीस वर्षांनी कोणीतरी तिथे घर बांधील, किंवा बोअर मारील.

ज्या पंचायती हे काम हाती घेतील त्यांना सुरुवातीची एक सूचना. लँडफिलची जागा पाहायला अधिकारी बहुधा मार्च-एप्रिलमध्ये येतात, कारण तेव्हा गाडी जाते. त्या दिवसांत प्रत्येक माळ कोरडा आणि प्रत्येक खाण योग्य दिसते. जागा ऑगस्टमध्ये पाहा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेनंतर त्याच आठवड्यात समितीने चालत जावे, पाणी कुठून येते आणि कुठे साचते ते पाहावे, जवळच्या विहिरींची पातळी दोरी सोडून मोजावी आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या तालुक्यातल्या नोंदींशी ताडून पाहावी. आणि पहिली गाडी रिकामी होण्याआधी त्या विहिरींच्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. पुढे कधी पाणी बिघडल्याची तक्रार आली, तर आधीचे पाणी कसे होते हे सांगणारा कागद गावाकडे असला पाहिजे.